परक्या ओसरीवरचें दुकान

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. एकवीस तारखेला रात्रीं साडेदहाच्या सुमारास माझा फोन वाजला. आम्हां म्हाताऱ्या माणसांच्या घरीं इतक्या उशिरां फोन आला कीं छातींत धस्स होतें. पलीकडून माझा एक जुना विद्यार्थी बोलत होता. त्याचा आवाज कापरा झाला होता. "गुरुजी, आपलं दुकान बंद झालं," एवढेंच तो म्हणाला. देवगड तालुक्यांतील एका लहानशा गांवीं त्याची हापूसची बाग आहे. चार भिंती, फळ्या आणि तराजू असलेलें दुकान त्याचें कोठेंच नाहीं. त्यामुळें क्षणभर मला कांहींच उमगेना. मग ध्यानांत आलें कीं, तो ज्याला दुकान म्हणत होता तें एका मोठ्या समाजमाध्यमावरील त्याचें पान होतें. आणि त्या पानाला त्या रात्रीं कोणी तरी, कोठून तरी, कुलूप घातलें होतें.

त्या कुलपाची हकीकत, आणि तिच्या निमित्तानें लहान धंदेवाल्या माणसाला या नव्या साधनांच्या पायीं काय काय सोसावें लागतें याचा थोडा विचार, आज मी आपणांपुढें मांडणार आहें. मी कांहीं या विषयांतला पंडित नव्हे. मॅट्रिक झालों, अध्यापनाची परीक्षा दिली, आणि कोंकणांतल्या एका शाळेंत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत सारी नोकरी घालविली. परंतु या प्रकरणांत माझाहि एक अपराध आहे, आणि तो कबूल करण्याइतकी विद्या मजपाशीं आहे.

प्रथम त्याच्या धंद्याची पूर्वपीठिका सांगतों. त्याच्या वडिलांच्या काळीं आंबा पेटींत भरला कीं तो ट्रकानें वाशीच्या बाजारांत दलालाकडे जाई. तो काय भावानें विकला, आडत किती कापली, हमाली किती लागली, खराब माल किती निघाला, हें सारें मागाहून येणाऱ्या पट्टीवरून कळावयाचें. पट्टीवर जो आंकडा असेल तो मुकाट्यानें मान्य करावा लागे. कारण पुढील हंगामाची उचल त्याच दलालाकडून घ्यावयाची असे. आपल्या कलमाचें फळ कोणाच्या घरीं गेलें, तें त्याला गोड लागलें कीं नाहीं, हें बागाईतदाराला जन्मांत कळत नसे.

२०१६ सालच्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, फोनवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि खेडोपाडींच्या तरुणांच्या हातीं जग आलें. माझ्या विद्यार्थ्यानें पुढच्याच वर्षीं तें पान उघडलें. मोहोर आला कीं मोहोराचें छायाचित्र, कैरी धरली कीं कैरीचें, पेंढ्यांत घातलेली आढी पिवळी होऊं लागली कीं तिचें. असा त्याचा क्रम असे. पुण्यामुंबईचे लोक विचारपूस करूं लागले. २०२० सालच्या टाळेबंदींत बाजार विस्कळित झाले, तेव्हां शहरांतील गृहसंस्थांनीं थेट बागांतून पेट्या मागविल्या. त्या एका हंगामांत त्याला जितकीं नवीं गिऱ्हाइकें लाभलीं, तितकीं त्याच्या वडिलांनीं उभ्या आयुष्यांत पाहिलीं नसतील. दलालाच्या पट्टीची वाट पाहणारा मुलगा आतां आपल्या मालाचा भाव आपण सांगूं लागला. मला त्याचा केवढा अभिमान वाटे म्हणून सांगूं! त्याच्यासाठीं मीं एक ब्लॉगहि लिहावयास घेतला. कलमाला मोहोर केव्हां येतो, आढी कशी लावतात, साका म्हणजे काय, असे लहान लहान लेख मी पुण्याहून लिहून पाठवीं आणि तो ते छापी.

माझा अपराध येथेंच घडला. त्याच्यापाशीं एक लांबोडी, कापडी पुठ्ठ्याची वही होती. तींत प्रत्येक गिऱ्हाइकाचें नांव, पत्ता, फोन, गेल्या वर्षीं किती डझन नेले, कोणाला तयार फळ लागतें आणि कोणाला जरा कच्चें, हें सगळें तो सुवाच्य अक्षरांत टिपून ठेवी. अक्षर मींच वळविलेलें. २०२० सालच्या अखेरीस मी त्याच्या घरीं गेलों असतां ती वही पाहून हंसलों आणि म्हणालों, "अरे, हें सगळं फोनमध्यें आहेच कीं. मग ही वही कशाला खरडीत बसतोस?" नव्यानें दीक्षा घेतलेल्या माणसाचा उत्साह मोठा वाईट! गुरुजींचें ऐकावयाचें ही त्याची जुनी खोड. त्यानें वही मिटून माळ्यावर टाकली.

आतां त्या रात्रीं काय झालें तें ऐका. कोणा एका भामट्यानें त्याचीं छायाचित्रें उचलून त्याच्याच नांवानें दुसरें पान उघडलें होतें. स्वस्तांत पेटी देतों असें सांगून तो आगाऊ पैसे घेई आणि नाहींसा होई. "हापूस" या नांवाला ऑक्टोबर २०१८ मध्यें भौगोलिक मानांकनाचें संरक्षण मिळालें हें खरें. परंतु तें फळाच्या नांवाला मिळालें, एखाद्या बागाईतदाराच्या छायाचित्रांना नव्हे. फसलेल्या लोकांनीं तक्रारी केल्या. कांहींनीं खोट्याविरुद्ध केल्या, कांहींनीं नामसादृश्यामुळें खऱ्याविरुद्ध केल्या. खरा कोण आणि खोटा कोण याचा निवाडा करावयास तेथें मनुष्य नव्हता, यंत्र होतें. त्या यंत्रानें खऱ्याला कुलूप घातलें. कारण दिलें "नियमभंग". कोणता नियम, तो केव्हां मोडला, याचा उच्चार नाहीं.

त्यानें अर्ज भरला. ओळखपत्राचें चित्र पाठविलें. एकदां नव्हे, चारदां पाठविलें. दर वेळीं त्याच शब्दांत तेंच उत्तर आलें. सरकारी कचेरींत हेलपाटे घालणारा मनुष्य निदान खिडकीपाशीं उभा राहून भांडूं तरी शकतो. येथें खिडकी नाहीं, साहेब नाहीं, शिपाईहि नाहीं.

आणि आंबा तर थांबत नाहीं! त्या वर्षीं अक्षय्य तृतीया ३ मे रोजीं होती. सणाच्या मागण्या सगळ्या त्या बंद पानाच्या निरोपांत अडकून पडलेल्या. कोणी तरी कोथरूडहून सहा डझन सांगितले होते, कोणी तरी दादरहून दोन पेट्या. पण कोणी आणि कोणत्या पत्त्यावर, हें कुलपाच्या आड. इकडे आढींतलें फळ दिवसागणिक पिकत होतें. सोळाव्या दिवशीं, जसें न बोलतां लावलें होतें तसेंच न बोलतां, तें कुलूप निघालें. तोंवर सण उलटून गेला होता आणि निम्म्याहून अधिक माल वाशीला गेला होता, वडिलांच्या त्याच जुन्या दलालाकडे. मोठ्या संकोचानें त्यानें फोन लावला. दलालानें आवाज ओळखला, वडिलांची चौकशी केली, आणि "पाठव पेट्या," इतकेंच म्हणाला. आडत कापली, थेट विक्रीहून भाव पुष्कळच कमी दिला. परंतु फोन उचलला. पुढें एकदां माझा विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, दलालावर निदान रागावतां तरी येतं. ह्यांच्यावर रागवायचं म्हणजे कुणावर?"

श्रोतेहो, या एका प्रश्नांत लहान धंद्याच्या अडचणींचें सार आलें आहे असें मला वाटतें. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारांत पुष्कळ विक्रेते दुसऱ्याच्या ओसरीवर बसतात. घरधनी भाडें मागत नाहीं. चार माणसें दारीं येतात याचाच त्याला आनंद असतो. वर्षामागून वर्षें लोटतात, त्या जागीं बसणाऱ्याचें नांव होतें, आणि त्याला वाटूं लागतें कीं ही जागा आपलीच. पण ओसरी परक्याची ती परक्याची. उद्यां घरधन्याला तेथें स्वतःचें दुकान मांडावेंसें वाटलें, कीं पुढें कोणी बसावें आणि मागें कोणी, हें तो ठरविणार. त्यांत तो दुष्ट असतो असें नव्हे. घर त्याचें आहे, एवढेंच.

या माध्यमांच्या चालकांचें उत्पन्न जाहिरातींतून येतें. फेसबुकनें धंदेवाल्यांसाठीं पानें सुरू केलीं तीं नोव्हेंबर २००७ मध्यें, आणि तीं विनामूल्य होतीं. लोकांनीं वर्षानुवर्षें खपून तेथें आपापलें गिऱ्हाईक जमविलें. जानेवारी २०१८ मध्यें त्या संस्थेचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें वाचकांना मित्रांचा आणि कुटुंबीयांचा मजकूर अधिक दिसेल व धंद्यांचा आणि प्रकाशनांचा कमी. वाचकाच्या बाजूनें पाहतां हा विचार चुकीचा म्हणवत नाहीं. परंतु ज्यानें चार वर्षें कष्टून आपल्या पानाभोंवतीं हजार माणसें गोळा केलीं, त्याचा निरोप आतां त्यांतल्या थोड्यांनाच पोंचूं लागला. बाकीच्यांना तो दिसावा असें वाटत असेल तर जाहिरातीचे पैसे भरा! म्हणजे आपणच जमविलेल्या माणसांना हांक मारण्यासाठीं आपणच भाडें द्यावयाचें. मोठी पेढी तें देऊं शकते. घरीं पापड लाटून विकणाऱ्या बाईनें तें कोठून आणावें?

बरें, ओसरीवरची जागा मागें गेली तरी ओसरी असते. कधीं कधीं घरच पडतें. १९९४ सालीं निघालेली जिओसिटीज ही संस्था लोकांना फुकट पानें मांडूं देई. २००९ सालीं ती बहुतेक जगांत बंद झाली आणि पुष्कळांचीं पानें तिच्याबरोबर गेलीं. आपल्या देशांत ज्या ऑर्कुटचें एके काळीं तरुणांना वेड होतें, तें जानेवारी २००४ मध्यें जन्मलें आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मिटलें. गूगल प्लस २०११ सालीं आलें व एप्रिल २०१९ मध्यें सामान्य लोकांसाठीं बंद झालें. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ परदेशी ॲपांवर बंदी घातली. त्या निर्णयाचीं कारणें हा आजचा विषय नव्हे. परंतु ज्यांनीं आपली कला किंवा आपला माल त्या एकाच ठिकाणीं मांडला होता, त्यांचें दार एका रात्रींत लागलें. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आपणांला आठवत असेल. आपल्याकडील नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हीं तिन्ही एकदमच मूक झालीं तीं सुमारें सहा तास. शत्रूचा हल्ला नव्हता. त्यांच्याच यंत्रणेच्या देखभालींत चूक झाली होती. नवरात्र तोंडावर आलें होतें. ज्या लहान व्यापाऱ्याच्या सणाच्या मागण्या केवळ या तीन वाटांनीं येत असत, त्याला त्या रात्रीं तीन वाटा वस्तुतः एकाच अंगणांतून निघतात हें कळलें.

हे झाले मोठे आघात. नित्याचे जाच निराळेच. पहिला जाच वेळेचा. बागाईतदार पहांटे झेला घेऊन कलमावर चढतो, दुपारीं फळ निवडतो, संध्याकाळीं पेट्या भरतो, आणि रात्रीं, पाठ टेकावयाच्या वेळीं, "भाव काय?" "पोंचवाल का?" अशा चाळीस पृच्छांना उत्तरें देत बसतो. शिवाय या माध्यमांना रोज कांहीं तरी नवें लागतें. जो चार दिवस गप्प बसला तो मागें पडला. मोठ्या पेढीला या कामासाठीं पगारी माणसें ठेवतां येतात. लहान धंद्यांत पेरणारा, विकणारा आणि जाहिरात करणारा एकच असतो.

दुसरा जाच आपल्या भाषेचा. १९९१ सालीं युनिकोड नांवाची जागतिक अक्षरपद्धति निघाली आणि तींत देवनागरीला प्रारंभापासूनच स्थान मिळालें. परंतु आपले छापखाने पुढेंहि पुष्कळ वर्षें आपापले निराळे टंक वापरीत राहिले. माझ्या विद्यार्थ्यानें प्रथम छापखान्यांतून जाहिरातीचा मजकूर आणून ब्लॉगवर घातला, तेव्हां तेथें अक्षरांचा नुसता चिवडा झाला. युनिकोडमध्यें लिहिलेलें नसेल तर मराठींत शोधणाऱ्याला तें सांपडतहि नाहीं. मालाचा पत्ता द्यावा आणि तो कोणास वाचतां येऊं नये, असाच हा प्रकार. यासाठीं कोणताहि मजकूर छापखान्याला देतांना किंवा त्याच्याकडून घेतांना "युनिकोडमध्यें द्या" एवढें एक वाक्य आवर्जून बोलावें.

तिसरा जाच तक्रारीचा. हापूसच्या फळांत कधीं कधीं साका निघतो. गर पांढरट आणि भुसभुशीत होतो. बाहेरून तो ओळखतां येत नाहीं. उत्तमांतल्या उत्तम बागेंतहि तो निघतो. पूर्वीं गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणे, "अहो, परवांच्या पेटींत चार फळं साक्याचीं निघालीं," आणि दुकानदार पुढच्या खेपेस चार फळें जास्त घाली, प्रश्न मिटे. आज त्या कापलेल्या फोडीचें छायाचित्र हजारों लोकांसमोर जातें आणि खालीं "लबाड" असा शेरा पडतो. विक्रेत्याची बाजू पोंचेपर्यंत नांवाला बट्टा लागलेला असतो.

चौथा जाच उघड चोरांचा. एखादा फोन येतो: मी लष्करांतला अधिकारी आहें, वीस पेट्या पाहिजेत, पैसे आतांच पाठवितों, तुम्ही फक्त हें चौकोनी चिन्ह टिपून तुमचा पिन घाला. श्रोतेहो, एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी अशी आहे: पैसे घेण्यासाठीं पिन कधींहि द्यावा लागत नाहीं, पिन लागतो तो फक्त पैसे देतांना. आणि फसगत झालीच तर लाजेनें गप्प न बसतां लागलीच १९३० या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

मग हीं साधनें सोडूनच द्यावींत काय? छे! ज्या साधनानें खेड्यांतल्या पोराला दलालाच्या पट्टींतून मोकळें केलें, त्याला मी कोणत्या तोंडानें नांवें ठेवूं? बाजाराला अवश्य जावें. माझें म्हणणें इतकेंच कीं, बाजाराला जावें आणि दिवेलागणीला घरीं यावें. बाजारालाच घर समजूं नये. लहान धंद्याचें खरें भांडवल म्हणजे माणसांची ओळख. तें भांडवल कोणाच्या वखारींत ठेवलें आहे, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःला विचारला पाहिजे.

या बाबतींत आपल्याच प्रांतांत एक सुरेख उदाहरण घडून गेलें आहे. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्कर कारखान्यानें १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून "किर्लोस्कर खबर" नांवाचें नियतकालिक काढलें. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याच्या बातम्या देण्यासाठीं निघालेलें तें पत्र पुढें "किर्लोस्कर" मासिक होऊन महाराष्ट्रांतील घराघरांत पोंचलें, आणि त्याच्या जोडीला १९३० सालीं "स्त्री" मासिक निघालें. धंद्यानें स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या जागेवरून, वाचकाला उपयोगी असें कांहीं सातत्यानें लिहावें, ही कल्पना कांहीं अमेरिकेनें आपल्याला शिकविलेली नाहीं. लेख त्यांचे, अंक त्यांचे, आणि वर्गणीदारांची यादीहि त्यांचीच.

ब्लॉग म्हणजे दुसरें काय? ब्लॉगर हें साधन १९९९ सालीं निघालें व २००३ सालीं गूगलनें तें घेतलें. त्याच वर्षीं वर्डप्रेस निघालें. समाजमाध्यमावरील आजचा मजकूर उद्यां रद्दी होतो. ब्लॉगवरचा लेख शोधणाऱ्याला तीन वर्षांनींहि सांपडतो. आढीवरचा माझा एक लेख वाचून दुसऱ्या आंबा-हंगामांत एका गृहिणीनें चार डझन मागविले होते. परंतु ब्लॉगचेहि कांटे आहेत. एक म्हणजे कित्येक महिने कोणी वाचीत नाहीं; लिहिणाऱ्याला धीर पाहिजे. दुसरें, तोहि परक्याच्या फुकट जागेवर असेल तर ती ओसरीच झाली. म्हणून स्वतःचें नांव नोंदवून घ्यावें, आणि प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्या संग्रहीं असूं द्यावी. ऑगस्ट २०१४ पासून ".भारत" असा देवनागरी पत्ताहि घेतां येतो. त्याचें वार्षिक शुल्क मात्र तारीख लक्षांत ठेवून भरलें पाहिजे. नाहीं तर आपल्या नांवाची पाटी दुसरा कोणी उचलतो. तिसरा कांटा घरगुती आहे. बहुतेक ठिकाणीं हें सगळें पुतण्यानें किंवा भाच्यानें, त्याच्या स्वतःच्या ईमेलवरून, सुट्टींत मांडून दिलेलें असतें. पुढें तो नोकरीला परगांवीं जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो! दुकानाची किल्ली मालकाच्या कमरेला असावी, हा जुना नियम येथेंहि खरा आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें तें सांगून मी आटोपतें घेतों. कुलूप निघाल्यावर त्यानें पहिलें काम केलें तें माळ्यावरची वही खालीं काढण्याचें. तींतल्या नोंदी २०२० च्या हंगामाशीं थांबलेल्या. पुढच्या दोन वर्षांचे पत्ते त्यानें पार्सलाच्या जुन्या पावत्यांवरून, बँकेच्या उताऱ्यांवरून आणि निरोपांतून एकेक करून वेंचले. पुष्कळ सांपडले, कित्येक सांपडले नाहींत. त्या माणसांना अजूनहि वाटत असेल कीं यानें आपल्याला सणाला फसविलें. आतां नवें गिऱ्हाईक माध्यमावरून आलें, कीं तो पहिल्याच दिवशीं विनंति करतो: "आपलं नांव आणि पत्ता वहींत लिहून ठेवूं का?" होकार आला तरच लिहितो. वैयक्तिक माहितीविषयीं २०२३ सालीं कायदा झाला म्हणूनच नव्हे. विचारणें हीच रीत आहे. वहीची एक नक्कल संगणकांत असते, एक त्याच्या बायकोच्या कपाटांत. पान एकाऐवजीं दोन माध्यमांवर आहे, आणि प्रत्येक पेटींत एक छापील चिठ्ठी असते, तिच्यावर फोन आणि ब्लॉगचा पत्ता. झालेल्या नुकसानीबद्दल त्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तो देता, तर मला बरें वाटलें असतें.

शेवटीं, ऐकणाऱ्या गृहस्थांना आणि विशेषतः घर चालविणाऱ्या भगिनींना माझी एक विनंति आहे. आपणांकडे कोणी चकली-अनारसे पोंचवितें, कोणी कोंकणांतून कोकम धाडतें, कोणी घरीं शिवण करतें. व्हॉट्सॲपवरील सामुदायिक निरोपाची एक गंमत आहे: ज्यानें पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनांत नोंदवून ठेवला असेल, त्यालाच तो पोंचतो. म्हणजे आपण नांव नोंदविलें नाहीं, तर त्या बाईची हांक आपल्या दारापर्यंत येतच नाहीं, आणि तिला वाटतें आपण विसरलों. तेव्हां आज हें भाषण संपल्यावर फोन हातीं घ्या आणि अशा दोघाचौघांचीं नांवें त्यांत लिहून ठेवा. माल वाईट निघाला तर जगाला सांगण्यापूर्वीं एकदां त्यांना सांगा. नव्या पानावर फारच स्वस्त भाव दिसला, तर पैसे धाडण्यापूर्वीं जुन्या क्रमांकावर विचारून खात्री करा. यंत्राला खरा आणि खोटा ओळखतां आला नाहीं. ओळख असलेल्या माणसाला तो दोन शब्दांत ओळखतां येतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर, २०२२ च्या हंगामानंतर त्यानें नव्यानें लिहिलेलें पहिलें नांव माझें आहे. "गुरुजी, तुमचा पत्ता फोनमध्यें होता, वहींत नव्हता," असें तो म्हणाला. मीं मान खालीं घातली आणि घराचा क्रमांक, पेठ व पिनकोड त्याला सावकाश सांगितला, अगदीं शुद्धलेखन घालावें तसा.